राजीनामा देणार नाही

हेस्टर लोमॅक्स लग्न करणार, ही बातमी आमच्या खात्यात पसरली तेव्हा सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि तिच्या जागेवर कोण येणार याची चर्चाही सुरू केली. एकोणीसशे सत्तावन्न साल होतं. ब्रिटिश परराष्ट्र सेवेतल्या बाईने लग्न केलं की राजीनामा द्यायचा, हा नियमच होता.

हेस्टर तेहरानमध्ये तीन वर्षं राहून आली होती. फारसीत ती भांडू शकायची, आणि आखातातल्या सीमेची बोलणी तिच्याशिवाय अडायची. नेमणुकांचे प्रमुख सर मॉर्टिमर पेनरिस यांनी तिला बोलावलं, तेव्हा टिपणं घ्यायला मी होते.

सर मॉर्टिमर प्रेमाने बोलत होते. निरोपाची शेरी पार्टी कधी ठेवायची, असं त्यांनी विचारलं. हेस्टरने सांगितलं, की ती राजीनामा देणार नाही.

त्यांना वाटलं, तिला नियम माहीत नाही. त्यांनी तो समजावून सांगितला. बाईला नवऱ्यामागे जावं लागतं, मग तिला परदेशी कसं पाठवणार?

"माझा नवरा माझ्यामागे येणार आहे, सर," हेस्टर म्हणाली. "तो झाडांचा अभ्यास करतो. झाडं सगळीकडे असतात."

"मिस लोमॅक्स, उगाच हट्ट करू नका. आजवर सगळ्या जणी शहाण्यासारख्या गेल्या."

"म्हणून तर नियम टिकला. मला घालवायचं असेल तर तुम्ही काढा. मी स्वतःहून जाणार नाही."

सर मॉर्टिमरनी मला हे शेवटचं लिहू नका म्हणून सांगितलं. मी आधीच लिहिलं होतं.

शनिवारी केंटमधल्या एका छोट्या चर्चमध्ये गिल्बर्ट अ‍ॅस्क्यूशी तिचं लग्न झालं. सोमवारी सकाळी ती बोटात अंगठी घालून नेहमीच्या टेबलावर हजर. सगळे कागदांत डोकं खुपसून बसले. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर खलबतं चालली होती. शेवटी सर मॉर्टिमर स्वतः खाली आले आणि तिला बाजूच्या खोलीत चला म्हणाले. हेस्टर जागची हलली नाही. जे सांगायचं ते इथेच सांगा, म्हणाली.

"तुम्हाला सेवेतून कमी करण्यात येत आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"कारण?"



"विवाह."

"कामात काही चूक?"

"नाही."

हेस्टरने कोट चढवला आणि ती आमच्या सगळ्यांच्या देखत मधल्या मोठ्या जिन्याने उतरून गेली. जिन्याच्या वळणावर तिने कठडा घट्ट धरला होता, ते मी पाहिलं. शेरी पार्टी झालीच नाही.

पुढे ती खासदारांच्या मागे लागली, सभांतून बोलली, लोकांत हसं झालं तरी बोलत राहिली. नियम उठला तो त्र्याहत्तर साली. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. तिने लगेच अर्ज केला. मुलाखतीत एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, मधली सोळा वर्षं काय केलंत?

"तुमच्याशी भांडले," ती म्हणाली.

त्यांनी तिला घेतलं, पण पूर्वीपेक्षा दोन हुद्दे खाली. मला संताप आला. हा अपमान आहे, नाही म्हण, असं मी तिला सांगितलं.

"आधी आत तर जाऊ दे गं," हेस्टर म्हणाली. "हुद्द्याचं भांडण आतून करते."

पहिल्याच आठवड्यात तिने तक्रार दाखल केली.