बदलीच्या सामानातला ड्रॅगन

स्नेहाताईंनी त्याला लिफ्टच्या दारात उभं केलं, त्याच्या नाकाचा पापा घेतला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "फार गुणी आहे हो. काही म्हणता काही त्रास नाही."

त्यांच्या एका हातात पुरणयंत्र होतं आणि दुसऱ्या हातात गणपतीचं घडीचं मखर. त्यांच्या नवऱ्याची भुवनेश्वरला बदली झाली होती, आणि बदली झाली की कोलकात्यातली मराठी घरं असंच करतात. जे पुढच्या गावी नेणं जमत नाही आणि टाकवतही नाही, ते मागे राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात पोचवून मोकळं व्हायचं. पुरणयंत्र बंगाली शेजारणीला देऊन ती बिचारी त्याचं काय करणार? ड्रॅगनचंही तेच. त्याला कधी उंबऱ्याबाहेर काढलंच नव्हतं, त्यामुळे मराठी सोडून दुसरी भाषा त्याला येत नव्हती.

दार अडवून उभ्या असलेल्या कालिंदीने आधी पुरणयंत्र न्याहाळलं, मग त्याला. तो मोठ्या कुत्र्याएवढा होता, अंगावर करडे खवले, आणि पंख अजून इस्त्री न केलेल्या कपड्यासारखे पाठीवर चुरगळलेले.

"ही घोरपडसुद्धा?" ती म्हणाली.

"घोरपड नाही. ड्रॅगन."

"वर तोंड करून बोलतोय!" कालिंदी बाजूला झाली. "पायपुसण्याला पाय पूस आधी. चारही."

डमडमच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्याचं स्वागत झालं ते एवढंच.

त्याला त्याचं काही वाटलं नाही. स्वागतं त्याने भरपूर पाहिली होती. एका चक्रीवादळानंतर कोलकात्याजवळच्या बजबज गावी नदीच्या गाळात एक गरम दगड सापडला म्हणून सुधाकाकूंनी तो घरी आणला, आणि चौथ्या दिवशी त्यातून हा बाहेर आला. तेलाच्या डेपोला खेटून असलेल्या कॉलनीत आग ओकणारं पोर लपवून वाढवायचं म्हणजे खायचं काम नव्हे, पण सुधाकाकूंनी ते तीन वर्षं केलं. त्याला सोन्या म्हणायच्या, मांडीवर डोकं घेऊन साजूक तुपातला शिरा भरवायच्या. मग त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि त्यांनी त्याला सियालदहला स्नेहाताईंकडे दिला. देताना इतक्या रडल्या की शेवटी त्यालाच त्यांची समजूत घालावी लागली. स्नेहाताई त्याला राजा म्हणायच्या. चार वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नाही. दोन्ही घरांत त्याला कुणी "अरे" म्हणून हटकलं नव्हतं, आणि दोन्ही घरांनी त्याला देऊन टाकला होता.

सात वर्षांचं ते पोर यातून एक गोष्ट शिकलं. गोड बोलणारी माणसं एक दिवस खोकी आणतात. खोकी आली की चिकटपट्टीचा चर्र आवाज येतो, आणि त्यानंतर पापा. या तिसऱ्या घरात मात्र कुणाला पापा घेऊच द्यायचा नाही, असं त्याने पायपुसण्यावरच ठरवून टाकलं. यांनी आपल्याला द्यायचंच आहे ना, मग रडत कशाला, शिव्या घालत देऊ देत.

पहिल्याच आठवड्यात त्याने हॉलचा पडदा जाळला. चुकून वगैरे नाही, नेम धरून जाळला. कालिंदीने बिल्डिंग डोक्यावर घेतली, लाटणं त्याच्या नाकाडावर हाणलं आणि बादली-घासणी पुढ्यात आपटून भिंतीवरची काजळी घासायला लावली. घासून झाल्यावर बोट फिरवून पाहिलं, बोट काळं झालं, म्हणून पुन्हा घासायला लावली. तेव्हा तो तिच्या हाताला चावला. तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टी बांधलेल्या हाताने पोळ्या लाटल्या आणि त्याच्यापुढे ताट सरकवलं.

"दुधी मी खात नाही," तो म्हणाला.

"मग उपाशी मर."

संध्याकाळी ताटात तोच दुधी होता, आता गारढोण. त्याने खाल्ला. खाताना त्याने या बाईचा जेवढा राग केला, तेवढा उभ्या आयुष्यात कुणाचा केला नव्हता.

कालिंदीची मुलगी ऋता नऊ वर्षांची. ती इथेच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीची पार दैना झालेली होती. "आई, माझा पेन्सिल हरवला," असं ती म्हणाली की हा गॅलरीतून ओरडायचा, "माझी पेन्सिल हरवली!" मग ती त्याची शेपूट पिरगाळायची, तो तिच्या वहीचा कोपरा जाळायचा, आणि कालिंदी येऊन दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालायची. त्याला फक्त स्वतःचा धपाटा लक्षात राहायचा. रागावलेल्या पोरांचं असंच असतं.

घरातला चौथा प्राणी म्हणजे दिगंबर. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, पण घरात त्याचा हुद्दा कुठलाच नव्हता. त्याने आग विझवायची दोन लाल नळकांडी विकत आणली, एक हॉलमध्ये ठेवलं, एक पलंगाखाली. ड्रॅगनला तो घाबरून चक्क "तुम्ही" म्हणायचा. "तुमचं जेवण झालं का?" असं दारातून विचारायचा आणि उत्तर यायच्या आत सटकायचा.

घरात ही तऱ्हा, तर घराबाहेर त्याहून वाईट. समोरच्या गच्चीवरून पोरं त्याला दगड मारायची. एकदा एक दगड पंखावर बसला, रक्त आलं. कालिंदी कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबकळून मराठी, हिंदी, बंगाली जे तोंडाला येईल त्यात त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आली, आणि आत वळताच याच्यावर बरसली. "कडेला कशाला तडफडला होतास? गॅलरी काय कमी पडते?" हळद दाबताना तिने इतकी दाबली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसू नये म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दोन वर्षं हे असंच चाललं. मग एका सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदरबाबू सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्यांचा कागद घेऊन दारात उभे राहिले. धुराने म्हणे लोकांचे वाळत घातलेले कपडे काळे होत होते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना झोप लागत नव्हती. बोलणं हिंदीत चाललं होतं. ड्रॅगनला त्यातलं तुटक-तुटक कळलं, पण "एक महीना" अगदी स्वच्छ कळलं, आणि "जंगल का ऑफिस" हेही. कालिंदी एरवी बाबूंना दारातच उभं फाडून काढायची. आज तिने कागद घेतला, वाचला आणि मान डोलावली.

आठच दिवसांनी घरात खोकी आली.

दिगंबरची सोलापूरला बदली झाली होती. चिकटपट्टीचा तो चर्र आवाज सकाळ-संध्याकाळ येऊ लागला, आणि प्रत्येक वेळी ड्रॅगन उठून खोक्यांपाशी जाऊन बसू लागला. याचंच त्याला नवल वाटलं. आपल्याला तर या घराचा तिटकारा आहे ना? मग खोक्यांपाशी कशाला बसायचं? तीन दिवस तो स्वतःशी भांडला आणि चौथ्या दिवशी हरला. त्याला जायचं होतं. सोलापूर कुठे आहे हेही त्याला माहीत नव्हतं, पण ही कजाग बाई आणि ती शेपूट पिरगाळणारी कार्टी जिथे जाईल तिथे त्याला जायचं होतं, इतकं की घशात विस्तव अडकावा. आणि तोंडाने विचारायची सोय त्याने स्वतःच दोन वर्षांत ठेवली नव्हती.

कुणी त्याला काही सांगितलंही नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी कान लावला तेव्हा दिगंबरचा आवाज आला. "कालिंदी, यांचं काय करायचं? ट्रकवाला नाही म्हणतोय."

आत कागद चुरगळल्याचा आवाज झाला.

"आधी त्या काचेच्या बरण्या गुंडाळ," कालिंदी म्हणाली. "फुटली एखादी तर बघ."

बस, एवढंच. आपल्यापेक्षा बरण्यांची काळजी जास्त, हे त्याने मनात पक्कं नोंदवून ठेवलं.

शनिवारी सकाळी आभा आली. ती आणि तिचा नवरा ओंकार पुण्याहून नुकतेच कोलकात्यात आले होते, आयटीतली नोकरी, रिकामा फ्लॅट. कालिंदी तिला पुरणयंत्र, मखर, जास्तीची पातेली असं काय काय देणार होती. कालिंदी चहा टाकायला आत गेली. आभा हॉलमध्ये वळली, दारालगत रचलेल्या खोक्यांपाशी बसलेला ड्रॅगन तिला दिसला, आणि तिचा चेहरा फुलला.

"अय्या! हाच का तो? काय गोड आहे! दिगंबरदादांनी फोटो पाठवला होता." ती दोन्ही हात पसरून खाली वाकली. "तू आता आमच्याकडे यायचं हं. आम्ही तुला ब्रूनो म्हणणार."

तिने पापा घ्यायला ओठ पुढे केले.

इतके दिवस घशात अडकलेला विस्तव बाहेर पडला. त्याने तोंड मात्र खोक्यांकडे फिरवलं, तिच्याकडे नाही, एवढी शुद्ध त्याला होती. तीन खोकी भडकली. आभा किंचाळत जिन्याने खाली पळाली. ऋता "आई! आई!" ओरडत आली. दिगंबरने आयुष्यात पहिल्यांदाच लाल नळकांडं उपसलं आणि डोळे मिटून सगळीकडे पांढरा फवारा मारला, भिंतींवर, ड्रॅगनवर, स्वतःच्या चपलांवर. आग विझली तेव्हा हॉलमध्ये पिठाची गिरणी फुटल्यासारखं झालं होतं. पहिल्या खोक्यात कालिंदीच्या साड्या होत्या. त्यांतली एकही वाचली नाही.

कालिंदी चहाची गाळणी हातात धरून दारात उभी होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"हो, झालं." त्याचा आवाज चिरकला. "आता द्या मला. तुम्हालाही हवंय ना ते? त्या कागदावर मान डोलावलीत ना? द्या आणि सुटा एकदाचे!"

"काय? कुणाला देऊ?"

"त्या बाईला! ती मला न्यायलाच आली होती!"

कालिंदीने सावकाश मान वळवली. दिगंबर नळकांड्यामागे लपायला बघत होता.

"मी आपलं सहज विचारून ठेवलं होतं," तो पुटपुटला. "म्हणजे, सोय म्हणून."

"तुझ्याकडे मी नंतर बघते," कालिंदी म्हणाली आणि पुन्हा ड्रॅगनकडे वळली. "आणि तू रे? तुला कुणी सांगितलं, तू येणार नाहीस म्हणून?"

"मी येणार आहे असं तरी कुणी सांगितलं?"

"ऋताला सांगितलं का मी, की बाई गं, तूही चल हं आमच्याबरोबर?" कालिंदीचा आवाज आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही नक्की ऐकू जात असणार. "घरातल्या माणसांना आमंत्रणपत्रिका छापतात का? बाबू म्हणाले, महिन्यात न्या. मी मनात म्हटलं, नेणारच आहोत आम्ही, सगळेच जातोय. तुझ्यासाठी दुसरा ट्रक शोधतेय मी आठ दिवस! तुझ्या त्या शेपटीचं माप घेऊन दहा जणांशी डोकं फोडून झालं, कालच एक कबूल झाला. हा दिगंबर बसेल तुझ्याबरोबर मागे, सोलापूरपर्यंत, दोन्ही नळकांडी मांडीवर घेऊन. शिक्षा म्हणून!"

दिगंबरने हातातलं नळकांडं हलवून त्यात किती उरलंय ते पाहिलं.

ड्रॅगनच्या नाकातून थोडा धूर आला.

"आणि माझ्या साड्या!" जळक्या ढिगातून तिने बोटभर जरीचा काठ उचलला, आणि आता तिचेही डोळे भरले, पण ते साड्यांसाठी होते, त्याला निरोप द्यायला नव्हे. "माझ्या आईची होती ही. सोलापूरला गेल्यावर सहा महिने घरातली भांडी तू घासायचीस. रोजची, दोन्ही वेळची. आणि उलट बोललास ना, तर वर्षभर!"

सहा महिने. ड्रॅगनने ते शब्द मनात परत परत घोळवले. सहा महिन्यांनंतरही सोलापुरात मोरीशी आपण असणार, आणि ही पाठीशी उभी राहून ओरडत असणार. इतक्या पुढचं त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. त्याने अंगावरची पांढरी भुकटी झटकली आणि हनुवटी वर केली.

"नाही घासणार," तो म्हणाला.

"वर्ष!"

"वर्ष झालं तरी नाही घासणार!"

"दोन वर्षं!"

"करा हवी तेवढी!" त्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि गरम खवल्यांवर चुर्र होत होतं. ऋता त्याच्या शेजारी येऊन बसली होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो भांडत राहिला, आईच्या तोंडाला लागलेलं पोर भांडतं तसा, आणि शिक्षा अकरा वर्षांवर जाऊन पोचली तेव्हा कुठे गप्प बसला.