गुळाच्या काट्यावर

सकाळी नऊच्या ठोक्याला विक्रम गौलीगुड्यातल्या दुकानासमोर स्कूटर लावायचा, चपला काढायचा आणि गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर जाऊन उभा राहायचा. लोखंडी पाट, पाटाला खांब आणि खांबावर लाल आकड्यांची डबी. आकडे इतके ठळक की रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही वाचता यावेत. प्रणितानं, म्हणजे त्याच्या वहिनीनं, डबीचं तोंड मुद्दाम रस्त्याकडे करून ठेवलं होतं. दुकानाच्या वरच घर होतं आणि घरात साधा काटाही होता. पण घरातल्या काट्याला साक्षीदार नसतात, असं तिचं म्हणणं.

"ब्याण्णव किलो दोनशे," तिनं मोठ्यानं वाचलं. "काल नव्वद आठशे होते. एका दिवसात एक किलो चारशे! भाऊजी, काय खाल्लंत?"

"डॉक्टरांच्या पावडरीची चार पाकिटं, दुपारी दुधीचं सूप, रात्री काकडी."

"आणि चोरून?"

"हौ, चोरून हवा खाल्ली. तारनाक्याच्या ऑफिसातली हवा फार पौष्टिक आहे ना."

"थट्टा सुचते तुम्हाला. वर तुमचा भाऊ पिवळा पडून झोपलाय आणि इथं तुम्हाला थट्टा सुचते."

विक्रम काट्यावरून उतरला. प्रणितानं वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली लाल शाईनं रेघ ओढली. वाढलं की लाल, घटलं की निळी. बारा दिवसांत पाच रेघा लाल झाल्या होत्या आणि एकेका लाल रेघेनं तिच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

तिच्या नवऱ्याचं, हर्षवर्धनचं, यकृत जुन्या काविळीनं पोखरून निकामी झालं होतं. जवळच्या नात्यातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, नाहीतर वर्षही निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. प्रणिताचा रक्तगट जुळला नाही. सासूबाई, कुसुमताई, सत्तरी ओलांडलेल्या. उरला धाकटा दीर. त्याचा गट जुळला, पण त्याच्या स्वतःच्या यकृतावर चरबी निघाली, शंभरात चोवीस भाग. दहाच्या खाली आली तरच काप घेता येईल. म्हणून सहा आठवडे दिवसाला फक्त आठशे कॅलरी, आणि वजन शहाण्णवावरून शहाऐंशीवर. आता आठशे कॅलरी म्हणजे किती? विक्रम एका बैठकीला जेवढी बिर्याणी चापायचा तेवढ्यात आता त्याला सगळा दिवस काढायचा होता. लग्नाच्या पंगतीत ज्याच्या पानाकडे वाढपी आधी पाहतात, तो हा माणूस. याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

शिवाय ते चार दिवस ती विसरली नव्हती. यकृत देशील का, असं हर्षवर्धननं लाजत विचारलं तेव्हा विक्रम "विचार करतो" म्हणाला आणि चार दिवस या घराकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी येऊन हो म्हणाला. पण सख्ख्या भावाच्या जिवाचा विचार करायला ज्याला चार दिवस लागतात, तो तोंडानं नाही म्हणण्याऐवजी पोटानं नाही म्हणेल, हे प्रणिताच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याचं साडेचार किलो उतरलं तेव्हा तिनं देवापुढे साखर ठेवली होती. नंतर काटा कधी वर, कधी खाली. म्हणजे लबाडी सुरू झाली, दुसरं काय?

विक्रम चपला घालत होता तेवढ्यात एक मिठाईवाला गिऱ्हाईक आला. कोपऱ्यातली ढेप काट्यावर ठेवून तो भांडायलाच लागला. "भाभी, परसों यही ढेप दस किलो थी. आज दस किलो डेढ़ सौ? कुछ मिलाए क्या?"

"मैं क्या मिलाती उसमें? कूलर के बाजू में पड़ी थी. गुड़ पानी पकड़ता, मालूम नहीं तुमको?" प्रणिता फणकारली.

विक्रमनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, चांगलं दोन क्षण पाहिलं. मग स्कूटरला किक मारून निघून गेला.

पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. दुपारी दुकानावर नोकर बसवून तिनं रिक्षा केली आणि काचीगुड्याला सासूबाईंकडे गेली. विक्रमचं लग्न जमलं नव्हतं, तो आईजवळच राहायचा. तिनं स्वयंपाकघरातले डबे उघडले, फ्रिज धुंडाळला, विक्रमच्या खोलीतली उशीसुद्धा उचलून पाहिली. काही सापडलं नाही.

"काय शोधतेस गं?" कुसुमताईंनी विचारलं.

"तुमचा लेक काय खातो ते."

"काय खातो? परवा चक्कर येऊन मोरीत पडला. काय तो उपास लावलाय त्याला! मी आपलं ताक देते रोज दोन तांबे. सपक नाही घशाखाली उतरत, म्हणून चांगलं मीठ-हिंग घालते. ताकात काय असतं? निव्वळ पाणी."

"डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, दिलेल्याखेरीज मिठाचा कणही नको. म्हणजे खातोय!"

"ताक खातात होय? ताक पितात," कुसुमताईही तडकल्या. "दोन्ही माझीच पोरं आहेत, प्रणिता. एकाला वाचवायला दुसऱ्याला वाळवून मारू?"

प्रणिताला त्या घटकेला त्या म्हातारीचा रागच आला. तुम्हाला दोन आहेत, मला एकच नवरा आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि सगळा राग दिरासाठी राखून ठेवला.

संध्याकाळी विक्रम ऑफिसातून भावाला भेटायला आला, तेव्हा तिनं त्याला जिन्यातच गाठलं आणि हर्षवर्धनच्या पलंगासमोर उभं केलं. "विचारा यांना. दोन दोन तांबे ताक ढोसतात. आणि अजून काय काय, देव जाणे."

"ताक आई देते. चक्कर आली की घेतो," विक्रम म्हणाला. त्याचे गाल बसले होते, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. "बाकी दाणा खाल्ला असेन तर जीभ झडेल. दादा, तुझ्या बायकोला सांग, मी गुन्हेगार नाहीये."

"मग एवढं झोंबतंय कशाला? खाई त्याला खवखवे!"

"प्रणिता," हर्षवर्धन पडल्या पडल्या म्हणाला. त्याचे हात काड्यांसारखे झाले होते आणि पोट मात्र फुगलेलं. "गेल्या महिन्यात माझं बी वजन सहा किलो वाढलं. पोटात पाणी भरलं म्हणून. मी काय चोरून खात होतो का गं?"

ते सहा किलो तिनंच डॉक्टरांना सांगितले होते. पण भीती एकदा मनात बसली की तिला दाखले पटत नाहीत. तुमची गोष्ट वेगळी, असं म्हणून तिनं विषय तोडला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता डबीचं तोंड पुन्हा रस्त्याकडेच होतं.

पुढचे चार आठवडे असेच गेले. विक्रमनं ताक सोडलं, वजन दोन किलो खाली आलं. मग तीन दिवस तिथंच अडून बसलं, मग आठशे ग्रॅम वर चढलं. पानवाला पलीकडून ओरडून आकडा विचारू लागला. एकदा विक्रमच्या ऑफिसातला प्रमोद सोबत आला होता. त्याच्यासमोर प्रणिता म्हणाली, "यांच्या डब्यावर जरा लक्ष ठेवा." त्या दिवसापासून विक्रम तिच्याशी बोलेनासा झाला. यायचा, उभा राहायचा, जायचा. अंगावरचं मांस गेलं, पण सुंभ जळला तरी पीळ जळला नाही.

सहा आठवड्यांनी तपासणीचा दिवस आला. त्या सकाळी काट्यानं सत्त्याऐंशी किलो नऊशे दाखवले. हवे होते शहाऐंशी. प्रणितानं वही पिशवीत टाकली आणि हॉस्पिटलात पोचल्यावर विक्रमच्या देखत ती नर्सच्या हातात दिली. "डॉक्टरांना द्या. रोजचं वजन लिहिलंय. कधी कधी वाढलंय तेही कळू दे त्यांना."

विक्रमचं स्कॅन झालं, मग डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं. प्रणिता उठून मागोमाग निघाली, तर नर्सनं तिला दारातच थांबवलं.

बाकावर शेजारी एक बुरखेवाली बाई तसबीहची माळ ओढत बसली होती. तिचा नवराही याच दुखण्यानं आत होता. "बैठो बाजी," ती म्हणाली. "देने वाले को अकेलेच बुलाते. पूछते, दिल से देरे क्या, कोई जबरदस्ती तो नै. वो नै बोले तो डाक्टर बाहर आके खाली इत्ता बोलते, फिट नै है. नाम नै खराब करते बिचारे का. हमारे देवर का वैसाच हुआ."

"मग तुम्हाला कसं कळलं?" प्रणिता मराठीतच बोलून गेली, पण बाईला ते समजलं.

"सब रिपोर्टां अच्छे थे ना. फिर कैसे अनफिट?" ती म्हणाली आणि पुन्हा मणी ओढू लागली.

आत बसलेल्या माणसाला नुसती मान हलवायची होती. आणि बाहेर सांगायला कारण? कारण प्रणितानंच आपल्या हातानं, लाल शाईत, तारीखवार लिहून आत धाडलं होतं. वजन बसत नाही, एवढं म्हटलं की संपलं. कुणाची हरकत असणार? सगळा गौलीगुडा साक्षीला होता. बेचाळीस दिवस आपण काय करून बसलो, हे तिला त्या बाकावर कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. ती देवाचं नाव घ्यायला गेली तर तेही आठवेना.

अर्ध्या तासानं दार उघडलं. डॉक्टर वही हातात घेऊन बाहेर आले. ते मराठवाड्यातले होते, मराठी बोलायचे.

"ही वही तुमची का?"

तिनं मान हलवली.

"चरबी चोवीसवरून सातवर आली आहे. फार चिकाटीचा माणूस. आम्हाला शहाऐंशी हवे होते, पण यकृत चांगलं असेल तर दोन किलोंसाठी मी अडत नाही. आणि हे लाल काय आहे? पहिल्या आठवड्यात उतरलं तेही अर्धंअधिक पाणीच होतं, नंतर वर चढलं तेही पाणीच. एवढं कमी खाल्लं की शरीर पाणी कधी सोडतं, कधी धरून ठेवतं. मीठ पोटात गेलं की जास्तच. रोज रोज बघायचं नसतं ते." त्यांनी वही तिच्या हातात ठेवली. "त्यांची संमती आहे. ऑपरेशन होईपर्यंत जेवण मात्र असंच चालू ठेवायचं."

प्रणिताला रडू फुटलं. डोळे पुसत ती विक्रमला शोधत गेली. तो जिन्याजवळच्या नळावर तोंड धूत होता.

"भाऊजी, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुमचे पाय धरते."

"धरू नका. आत मी नाही म्हटलं होतं."

पायांकडे नेलेले हात तिनं मागे घेतले.

"खरंच सांगतो. सहा आठवडे नुसता भुकेनं नाही, तुमच्यामुळं जळलो. डॉक्टरांनी विचारलं, मनापासून देताय का? मी म्हटलं, नाही, मला नाही द्यायचं. ते म्हणाले, ठीक आहे, घरच्यांना सांगू वजन बसलं नाही. वही होतीच समोर." विक्रमनं रुमालानं तोंड पुसलं. "तेव्हा डोक्यात आलं, म्हणजे जन्मभर तुमचंच खरं ठरणार. विक्रम खादाड, विक्रम चोर, भावासाठी सहा आठवडे तोंड आवरलं नाही. ते मला सहन होईना, वहिनी. म्हणून म्हटलं, थांबा. देतो."

"दादासाठी नाही?"

"दादासाठी पहिल्यांदा हो म्हटलं होतं. ते तुम्ही रस्त्यावर तोललंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो येणार नाही, अशी तिची खात्री होती. तरी तिनं दुकान लवकर उघडलं, काटा पुसला आणि डबीचं तोंड आत, भिंतीकडे फिरवलं. नवाच्या ठोक्याला स्कूटर थांबली. विक्रमनं चपला काढल्या, डबी धरून पुन्हा रस्त्याकडे वळवली आणि काट्यावर उभा राहिला.

"वाचा."

"अठ्ठ्याऐंशी सहाशे," ती पुटपुटली. "राहू द्या ना भाऊजी. पाणीच आहे ते."

"मोठ्यानं. आणि रोजच्यासारखं विचारा." त्यानं आवाज खाली आणला. "नीट ऐका. ऑपरेशनला तीन आठवडे आहेत. मला भीती वाटते, रात्रभर डोळा लागत नाही. तुमच्या रागावर मी इथवर आलोय. तुम्ही आता गोड बोलायला लागलात ना, तर पळून जाईन मी."

पलीकडून पानवाला मान उंचावून पाहत होता. वरच्या मजल्यावर हर्षवर्धन खोकला. प्रणितानं पदरानं डोळे कोरडे केले, वही उघडली आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

"सातशे ग्रॅम!" ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "एका दिवसात सातशे ग्रॅम! काय खाल्लंत, भाऊजी? लाज नाही वाटत? तुमचा भाऊ वर मरतोय आणि तुम्ही..." तिनं रेघ ओढली. ती वाकडी आली.

"हां," विक्रम म्हणाला. त्यानं चपला घातल्या आणि स्कूटर सुरू केली. "उद्या येतो."