डॅशबोर्डमागचा जोड

ऐकू येतंय का? मी जोड बोलतोय. आख्ख्या धायरी गावाची करमणूक माझ्या जिवावर चालते! बरं, आख्ख्या धायरीची नाही. एका जुन्या गाडीतल्या एका रेडिओची. आणि तोही कधी चालायचा, कधी नाही.

मी म्हणजे दोन तारांची गाठ. एक बॅटरीकडून येते, दुसरी रेडिओकडे जाते, आणि मधे मी, डॅशबोर्डमागच्या अंधारात. शेजारी म्हणाल तर एक कोळी. तो जाळ्यातून मान वर करत नाही. तुम्ही गाडी धुता, पुसता, दसऱ्याला बॉनेटला हार घालता. मला कधी झेंडूची एक पाकळी दाखवलीत? असू द्या.

मला जन्म दिला हिंदुरावांनी. शेत विकून झालं, त्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांना दिवसभर कामच उरलं नाही. घरात बायकोच्या, म्हणजे तुळजाबाईंच्या मालिका. दोघांचं बोलणं ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘बरं’ एवढ्यावर आलेलं. म्हणून त्यांनी दारातल्या गाडीत रेडिओ बसवला, स्वतःच. तारा दातांनी सोलल्या, एकमेकींना पीळ दिला आणि वर गुंडाळलं काय? गुडघ्याला लावायची चिकटपट्टी! जसा काही मी सायकलवरून पडलोय.

ढिल्या जोडाची मजा सांगू? जरा अंग चोरलं की रेडिओ गप्प. मग हिंदुराव डॅशबोर्डवर थाप मारायचे, "बोल की रं!" मी लगेच बोलायचो. क्रिकेटमधे नेमका चेंडू उडाला की मी गप्प व्हायचो, त्या थापेसाठीच. दुसरं कोण हात लावत होतं मला? आणि ते तरी दुसऱ्या कुणाला ‘बोल की’ म्हणत होते?

एका संध्याकाळी थाप जोरात बसली. पट्टी सरकली आणि माझं उघडं तांबं पत्र्याला चिकटलं. वाटेत फ्यूज नाही, सगळा करंट अंगावर! तार तापली, धूर निघाला. हिंदुराव फुंकर मारत बसले, बशीतल्या चहाला मारावी तशी.

तुळजाबाई धावत आल्या. बॉनेट उघडलं, पदर हाताला गुंडाळून बॅटरीची तार उपसली.

"गाडीसकट जळला असता म्हंजे!" त्या ओरडल्या. मग त्यांनी वाकून मला पाहिलं. "ह्यो जोड हाय का जखम?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"हडपसरच्या कंपनीत गाड्यांच्या तारा जोडण्यात जन्म गेला माझा. तुमी कधी इचारलं, काय करतीस म्हणून?"

हिंदुराव गप्प. या वेळी मी काही केलं नव्हतं हं.

सकाळी तुळजाबाईंनी हत्यारांचा जुना डबा काढला. जळकी तार बदलली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, तांबं चकाकेल असं सोललं. दोन टोकं तांब्याच्या नळीत घालून पकडीने दाबायचं काम नवऱ्याला दिलं. हिंदुरावांनी ऐटीत दाबलं, ओढून दाखवलं. "बघ, कसा घट्ट!" आणि वरून चढवायची काळी नळी, ऊब दिली की आवळून बसते ती, सीटवर तशीच पडलेली! ती आधी तारेत ओवायची असते.

"अहो, बांगडी आधी मनगटात, मग हातात हात!" तुळजाबाई इतक्या हसल्या की गाडी हलली. मला कापलं आणि पुन्हा जोडलं. हिंदुरावही हसत होते. माझ्या बारशाला एवढी माणसं पहिल्यांदाच.

आता मी पक्का. हलता येत नाही, खोडी काढता येत नाही. रेडिओ अखंड बोलतो आणि मला कुणी थापटत नाही. कोळीही दुसरीकडे राहायला गेला. तुम्ही जोड पक्काच करा, फ्यूज विसरू नका. फक्त कधीतरी वरून एक टिचकी मारत जा, एवढंच मागणं.

आणि हिंदुराव? पुन्हा घरात मालिका, पुन्हा ते गाडीत. परवा गाणं ठणठणीत चालू होतं. त्यांनी हळूच बटण पिळून ते बंद केलं, काच खाली केली आणि हाक मारली, "अगं, जोड गेला बघ परत! जरा ये की!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "माझ्या हातचा जोड हाय त्यो, जायाचा न्हाई. एकट्याला करमत नसंल, तर तसं म्हणा की!"