खालची आळी

"पाहुण्यांना गोल फिरणाऱ्या खुर्च्या, आणि आम्ही इतकी वर्षं टेकू लावलेल्या स्टुलावर," भावोजी तिच्या कानाशी पुटपुटले. "संध्याकाळी या खुर्च्या परत गोदामात जातील, बघ तू."

ती ओठातल्या ओठात हसली. दुभाष्याने मधेच मोठ्याने हसून चालत नाही. पाहुण्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. टेबलाच्या एका बाजूला नगरपालिकेचे मोठे साहेब आणि पुराचा नियंत्रण कक्ष सांभाळणारे तिचे भावोजी, दुसऱ्या बाजूला परदेशी कंपनीची उंच बाई आणि तिचा संगणकवाला. शहर स्मार्ट व्हायचं होतं. रस्त्यावरचे दिवे माणूस पाहून लागणार, कचऱ्याचे डबे भरले की स्वतःच कळवणार, नदी फुगली की गावभर इशारा जाणार. कंपनीला हे सगळं विकायचं होतं आणि साहेबांना निवृत्तीआधी ते करून दाखवायचं होतं. तिला फक्त बोलायचं होतं, तेही दुसऱ्यांचं.

संगणकवाल्याने भिंतीवर शहर उभं केलं, गल्ल्या-गच्च्यांसकट. साहेबांना आपल्या घरावरची पाण्याची टाकी सापडली, तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. मग चित्र हळूहळू नदीकडे सरकलं.

खालची आळी जशीच्या तशी उभी होती. ताईच्या गच्चीवर लाल रजई वाळत होती.

तिने कुणी न सांगताच विचारलं, हे कधीचं चित्र? संगणकवाला जरा ओशाळला. विमानातून टिपलेलं आहे, म्हणाला, पुराच्या आधीचं. करार झाला की नवीन टिपू. रजईच्या कडेला एक काळा ठिपका होता. माणूस असेल, नाहीतर सावली. त्याने चित्र मोठं केलं, तसा ठिपका फुटून त्याचे राखाडी चौकोन झाले. भावोजी तेवढा वेळ जमिनीवरच्या वायरीकडे पाहत होते.

उंच बाईने आवाज खाली आणून विचारलं, एवढी माणसं गेली त्या दिवशी पुराचा भोंगा का वाजला नाही?

तिने ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, टेबलावर ठेवला.

"जुना होता, ऐन वेळी बिघडला, असं सांगा त्यांना."

तिने सांगितलं. हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. ताई त्या पुरात गेली तेव्हा आईला तिने हेच सांगितलं होतं, समाचाराला आलेल्यांना हेच, आणि शाळेतून थेट तिच्याकडे आणलेल्या भाचीलाही हेच. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी तो भोंगा वाजवून पाहिला होता. असा खणखणीत वाजला, की चिखलावर बसलेले पक्षी भर्रकन उडाले. साऱ्या शहराने ऐकला. पण ऐकला असं कुणी कुणाला म्हणालं नाही. आजही पहाटे कधीतरी तो तिच्या कानात सुरू होतो, आणि ती उठून भाचीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते.

त्याच आठवड्यात भावोजी तिच्यापाशी एक वाक्य बोलून गेले होते. समाचाराला आलेले साहेब निघताना दारात चपला घालत दुसरं एक वाक्य बोलले. ती दोन वाक्यं तिने दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवली आणि एकमेकांना लागू दिली नाहीत. लागली असती, तर भाचीला जेवताना शेजारी बसायला बाप उरला नसता.

बाईने पुढचं विचारलं. नव्या यंत्रणेत पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की भोंगा आपोआप वाजू दे, की कुणाची परवानगी हवी?

"परवानगी हवीच," साहेब म्हणाले. उगाच वाजला की शोभा होते, मागे एका मंत्र्यांचं भाषण चालू असताना वाजला होता, तेव्हापासूनच आपला नियम, आधी मला फोन, मग भोंगा. तोच नियम यात बसवा म्हणावं.

बसवता येतो, बाई आनंदाने म्हणाली. परवानगी साहेबांच्या मोबाइलवरच मागितली जाईल. करूनच दाखवू.

भिंतीवरच्या चित्रात नदी फुगू लागली. वरच्या कोपऱ्यात एक चौकट लुकलुकायला लागली: परवानगीची वाट पाहत आहे. साहेबांनी खिसे चाचपले. मोबाइल सापडला तर चष्मा सापडेना, चष्मा सापडला तर नेमका जावयाचा फोन आला आणि तो काही केल्या कापता येईना. सगळे हसले. साहेबही हसले. तेवढ्यात निळं पाणी आळीत शिरलं, पायऱ्या चढलं, गच्चीच्या कठड्यावरून आत आलं आणि लाल रजई त्याखाली गेली.

भावोजी उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून खरी आळी दिसायची. तिलाही बसल्या जागेवरून थोडी दिसत होती. भिंतींवर पाण्याची रेघ अजून होती, पण भाडं कमी म्हणून नवे भाडेकरू आले होते. एक बाई स्टुलावर चढून खिडकीला पडदा लावत होती आणि खालून कुणीतरी तिला, डावीकडे घे, अजून घे, असं हाताने सांगत होतं.

सोयीचं आहे की नाही, विचारा साहेबांना, उंच बाई म्हणाली.

ती साहेबांकडे वळली नाही. बाईच्याच भाषेत बोलू लागली, आणि बराच वेळ बोलली. बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. संगणकवाल्याने पाणी थांबवलं.

"काय म्हणतायत त्या?" साहेबांनी विचारलं.

"त्या काही म्हणाल्या नाहीत. मीच बोलले."

"तुम्ही? तुम्ही काय बोललात?"

तिने खिडकीकडे पाहिलं. भावोजींची पाठ हलली नाही. गजावरची मूठ तेवढी आवळली.

"भोंगा बिघडला नव्हता, असं म्हटलं. वाजवू का, म्हणून भावोजी तुम्हाला फोन लावत होते, आणि वाजवा म्हणायला तुम्ही त्यांना. दोघंही मला म्हणाला होतात, एंगेज लागत होता. पाणी गच्चीला लागेपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांनाच फोन लावत बसलात, साहेब. भोंगा कुणी वाजवलाच नाही."