कानाचं छत

संशय घेण्याचाच आपल्याला पगार मिळतो, असं धाकटी उजळ माथ्याने सांगायची. स्कॅन वाचणं हे तिचं काम. दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर तिचा काडीचाही भरवसा नसे, मग ती चिठ्ठी सख्ख्या थोरल्या भावाची का असेना. दादा खालच्या मजल्यावर कानाचा डॉक्टर होता आणि या बाबतीत त्याचं तिच्याशी कधी पटलं नाही.

आजची चिठ्ठी त्याचीच होती, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंसाठी. 'उजव्या कानात पाणी. ते काढायला उद्या पडद्याला नळी घालणे. त्याआधी साधा स्कॅन.' पण सर्दी नाही, मार नाही, ठणका नाही, मग पाणी आलं कुठून? धाकटीच्या डोक्यात किडा वळवळला.

"मावशी, खाली वाकलं की काय होतं?"

"नाकातून टपटप गळतं बघा. उजव्याच बाजूने. लोकांच्या कापडावर डाग पडतात."

धाकटीने स्कॅनचे अगदी बारीक काप काढायला लावले. कानाच्या वर आणि मेंदूच्या खाली हाडाचं पातळ छत असतं. उजवीकडे त्याला भोक दिसत होतं. मेंदूभोवतीचं पाणी तिथून कानात आणि कानातून नाकात झिरपत असेल, तर पडद्याला नळी घालणं म्हणजे जंतूंना थेट मेंदूपर्यंत दार उघडून देणं. बाईंच्या जिवावर बेतलं असतं.

दादा तणतणतच वर आला. "तुला धडधाकट भिंतीतही भोकं दिसतात! ते हाड इतकं पातळ असतं की शाबूत असलं तरी स्कॅनमध्ये दिसत नाही."

हे खरं होतं, म्हणून तर तिला जास्त राग आला. "मग एमआरआय करू."

"दहा मिनिटांच्या कामाला? लोक हसतील मला."

"हसू देत."

एमआरआयमध्ये पाणी पांढरंशुभ्र दिसत होतं. ते छतातून थेट कानात उतरलं होतं आणि त्याच भोकातून मेंदूचा वाटाण्याएवढा भाग खाली लोंबत होता. धाकटीला आनंद झाला आणि तिने तो लपवलाही नाही.

दादाने फोन करून नळी रद्द केली. मग तो खुर्चीत बसला.

"आईच्या कानातही असंच पाणी होतं," तो म्हणाला.

आईला नळी त्यानेच घातली होती. महिन्याभरात ती मेंदूज्वराने गेली आणि नशिबाला बोल लावून सगळे मोकळे झाले.

"तेव्हा स्कॅन का नाही काढला गं आपण?"

त्याला खरंच आठवत नव्हतं, की तिच्याच तोंडून ऐकायचं होतं, कोण जाणे. तिला मात्र लख्ख आठवत होतं. आईला उगाच कशाला त्रास, घाल नळी, असं तीच म्हणाली होती.