शुक्रवारपर्यंतची मेल

दोन वर्षं! दोन वर्षं केशवरावची वेबसाइट अन् ईमेल म्या माह्या सर्व्हरवर फुकटात सांभाळली. वरूडले संत्र्याचं मोठं पॅकिंग, दारात चार ट्रक, अन् मले म्हणे, "जे दिसत नाही त्याचे पैसे कायले देऊ व अरीबा?"

तीन नोटिसा दिल्या. फोन केला तं म्हणे, "कर बंद! पाहू तुयाकून काय होते!"

माह्यं डोकंच सटकलं. सोमवारी सकाळी अमरावतीच्या माह्या ऑफिसात बसल्या बसल्या त्यायचं ईमेल खातं बंद करून टाकलं. लय बरं वाटलं.

दुपारी त्यायची सून रागिणी फोनवर. पॅकिंगच्या मेल तीच पाहे. आवाज दबका. "ताई, शुक्रवारपर्यंत तरी परत चालू करा नं. माह्यं काम आहे त्याच्यात."

"सासऱ्याले सांग."

"त्यायले नाही सांगता येत."

"मंग मलेबी ऐकता येत नाही," म्हटलं अन् फोन आपटला. मले वाटलं, म्हातारा सुनेले पुढे करून राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं आले. केशवरावनं नोटा टेबलावर फेकल्या. "घे! व्यापारी बिलं मेलवरच मागतेत म्हणून देतो. नाही तं माह्यं काय अडलं चार दिवस? सारा माल फोनवर इकला म्या!" दात-ओठ खात म्या खातं सुरू केलं. ते तरातरा गाडीत जाऊन बसले.

रागिणी थांबली. "या चार दिवसांच्या मेल दिसतीन नं आता?"

"नाही. खातं बंद असलं का आलेली मेल परत जाते."

बाहेरच्या गाडीकडे पाहत तिनं हळूच सांगितलं. अकोल्याच्या एका बियाणे कंपनीत तिनं नोकरीसाठी चोरून अर्ज केला होता, शुक्रवारपर्यंत उत्तर येणार होतं. तिचा मोबाइल घरचे तपासत, म्हणून फोन नंबर दिला नाही, पॅकिंगचाच ईमेल दिला. माह्या फोनवरून तिनं कंपनीत फोन लावला.

"तुमची निवड झाली होती," तिकडची बाई म्हणाली. "मेल दोनदा परत आली. आज बारापर्यंत उत्तर नाही, म्हणून दुसरीला घेतलं."

म्या फोन हिसकला. "मॅडम, चूक माही आहे, तिची नाही!" बाईनं फोन ठेवून देला. मले माह्या हाताचाच राग आला.

बाहेर हॉर्न वाजला. रागिणीनं पदरानं तोंड पुसलं.

"पावती द्या ताई, लवकर. नाही तं ते विचारतीन, एवढा वेळ काय करून राहिली होती."