ब्लोअर बंद करण्याचा हक्क

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हाच कळलं, टाकी गेली. सडक्या अंड्यांचा वास रस्त्यापर्यंत आला होता. हवा मिळणाऱ्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो. हा वास तिथे असायलाच नको.

आमचा कारखाना बडोद्याबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवतो. अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ग्राहकाने कळवलं की पर्यावरणाचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर माल घेणार नाही. म्हणून सांडपाण्याची नवी टाकी आली आणि टाकीपाठोपाठ मी आले. देवश्री, सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी. काम, कामगारांना प्रशिक्षण देणं. टाकीतल्या गाळात जिवाणू असतात. ते पाण्यातली घाण खातात आणि त्यांना सतत हवा लागते. हवा पुरवायला दोन ब्लोअर आहेत, एक चालतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हवा बंद करायची नाही, असं मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं की लोक मला बघून तेच म्हणायचे.

वर्गात सगळ्यात जास्त वाद घालायचा रणवीर. "बेन, जे दिसत नाही त्याच्यासाठी एवढी लाइट जाळायची?" मी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डोलणारे, घंटेच्या आकाराचे जीव दाखवले. पाण्याची तब्येत चांगली असली की ते दिसतात. तेव्हापासून पाळी सुरू झाली की तो आधी त्यांच्याकडे बघायचा आणि मला सांगायचा, "घंटीवाले मजेत." टाकी त्याच्याकडे सोपवा, असं मीच सुचवलं होतं.

त्या सकाळी टाकीवर कोणी नव्हतं. पाणी काळं होतं. रणवीर मला बॉयलरमागे सापडला, कोळसा ओढताना.

"इथे काय करतोस?"

"बढती मिळाली," तो म्हणाला. "पूजेत विघ्न आणलं म्हणून."

मग त्याने सांगितलं. खंडेनवमीला कारखाना बंद होता आणि टाकीवर त्याची ड्यूटी होती. कारखान्याचे मॅनेजर धनाजीराव झेंडूच्या माळा घेऊन आले. हत्यारांची, यंत्रांची पूजा त्या दिवशी होते आणि पुजलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत काम सांगत नाहीत. रणवीर म्हणाला, दुसरा ब्लोअर बसलेलाच आहे, त्याला माळ घाला. धनाजीरावांनी स्वतःच्या हाताने चालू ब्लोअर बंद केला, दोन्हींना माळा घातल्या आणि गेले. रणवीरने तो परत चालू केला. वॉचमनने फोन केला. धनाजीराव रेशमी सदऱ्यात परत आले आणि दोन्हींचा फ्यूज उपसून, खिशात घालून मांजलपूरला घरी गेले.

"वर काय म्हणाले माहीत आहे? तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांचा घोडा धरलाय."

"मग तू?"

"म्हटलं, धरला होता साहेब, पण घोड्याचं नाक नव्हतं दाबलं."

मला हसू आलं नाही. मी सरळ धनाजीरावांच्या केबिनमध्ये गेले.

"टाकी मेली आहे," मी म्हणाले.

"बस, बस. चहा घेशील? हे बघ, दोन दिवस प्रॉडक्शन बंद. घाण पाणी येत नव्हतं. मग हवा कोणासाठी?"

"तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत तर चालेल. दोन दिवस नाक धरून बसाल?"

"आवाज खाली." त्यांनी चष्मा काढला. "आमच्या घरी त्या दिवशी तलवारसुद्धा पाटावर असते. मोठ्या महाराजांच्या वेळेपासून. यात अंधश्रद्धा नाही, कृतज्ञता आहे. तुला नाही कळायचं."

"तलवार श्वास घेत नाही. आणि पूजेला मी कुठे नाही म्हणते? रणवीरने तुम्हाला रस्ता दाखवला होता."

"तो मला रस्ता दाखवणार? मी एकाहत्तरचा बी.ई. आहे."

खरं दुखणं ते होतं. जिवाणूंचं त्यांना काही नव्हतं. आपल्याच ओळखीने नोकरीला लागलेल्या पोराने नाही म्हटलं, एवढंच टोचत होतं. आणि मी सबंध पावसाळा त्या पोराला ब्लोअर कधी बंद करायचा नाही ते शिकवत बसले होते. बंद करायला आलेल्या साहेबाचा हात धरायचा हक्क त्याला कोण देणार, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. आता विचारायचं होतं.

"वास आला तेव्हाच फोन केलाय, दुपारी सुरतेहून जिवंत गाळाचा टँकर येतोय," ते म्हणाले. "टाकी रिकामी करून घे आणि परत उभी कर. प्रमाणपत्राचं ऑडिट आठवड्यावर आहे."

"रणवीर हवा."

"घे. ऑडिट होईपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर बघू."

टँकर उन्हात फाटकाशी उभा राहिला. मी रणवीरला बोलवायला गेले आणि अट सांगितली. तो नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्याने नाही म्हणावं, असंच वाटत होतं. ऑडिट बुडालं असतं तर बुडू दे. त्याने फावडं टाकलं.

"त्यांच्यासाठी नाही येत," तो म्हणाला. "बंद टँकरमध्ये किती वेळ टिकतील ते? तुम्हीच शिकवलंय ना."

तो पाइप जोडायला लागला. आठवड्याने हा परत कोळसा ओढणार आणि पुढच्या खंडेनवमीला परत तेच. मी पार्किंगमध्ये गेले, माझ्या लुनाची साखळी आणि कुलूप काढून आणलं. नवा फ्यूज बसवून ब्लोअर चालू केला आणि फ्यूजच्या पेटीसकट स्विचच्या दांड्याला साखळी घालून कुलूप ठोकलं. आणीबाणीचं लाल बटण मोकळं ठेवलं. ते दाबलं की सगळ्या कारखान्यात भोंगा वाजतो, म्हणजे दाबणाऱ्याला कारण सांगावं लागतं. किल्ली रणवीरच्या खिशात टाकली.

धनाजीराव आले.

"हे काय?"

"कुलूप. किल्ली टाकी सांभाळणाऱ्याकडे. ऑडिटरला मी हेच दाखवणार आहे. काढलंत तर काढलेलं दाखवीन."

"तुझं कन्फर्मेशन बाकी आहे, देवश्रीबेन."

"माहीत आहे."

त्यांनी रणवीरपुढे हात पसरला. "दे."

रणवीर कोपरापर्यंत गाळाने माखला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"देतो साहेब. हवा कशासाठी बंद करायची आहे, तेवढं सांगा."

पाण्यावर बुडबुडे येत होते. टँकरचा ड्रायव्हर, दोन फिटर, वॉचमन, सगळे बघत होते. धनाजीरावांनी पसरलेला हात हळूहळू मागे घेतला, खिशात घातला आणि ऑफिसकडे चालायला लागले. दारापाशी वळून म्हणाले, "उद्या दहाला दोघेही माझ्याकडे या."

"येतो," रणवीर म्हणाला. मग मला, हळूच, "बेन, लुना चोरीला जाईल ना तुमची."

"जाऊ दे," मी म्हणाले.